योगाचा पहिला धडा

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर तालुका आहे. त्या तालुक्यात अणदूर हे मोठे गाव आहे. सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावर ते लागते. गावात खंडोबाचे जुने देऊळ आहे. भोवती शेतीवाडी आहे. ज्वारी, तूर, सोयाबीन पिकते. कुठे कुठे द्राक्षाचे मळे आहेत.

इथल्या माणसाला कष्टाचे नवल नाही. पहाटे उठावे, रानात जावे, दिवस मावळला की घरी यावे. चाळिशी आली की कंबर धरते. पन्नाशीला गुडघे कुरकुरतात. बाया म्हणतात, "पाठीत कळ येते, पण सांगायचं कुणाला? कामं तर करावीच लागतात."

अशा माणसाला कोणी म्हणाले, "चला, आपण योग शिकू," तर तो हसतो. तो म्हणतो, "दिवसभर अंग मोडून काम करतो. आता आणखी व्यायाम कशाला? योग म्हणजे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचं काम!"

दुसरा म्हणतो, "ते पाय डोक्यावर घेणं आपल्याला जमायचं नाही. हाड मोडलं तर घरचं कोण बघणार?"

दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. कष्टकऱ्याचे शरीर हेच त्याचे भांडवल. ते मोडले तर मजुरी बुडते, घर अडते. म्हणून योग शिकावा की नाही, आणि शिकायचा तर कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

खुरपणाऱ्या बाईकडे पाहा. ती उकिडवी बसते. पुढे वाकते. एका हाताने खुरपे चालवते. दिवसभर हेच. ज्वारी काढणारा गडी पुढेच वाकतो. पाटी उचलणारा पुढेच वाकतो. बाई घरी येते आणि चुलीपुढे बसते. तिथेही पुढेच वाकते. झाडताना, भांडी घासताना पुन्हा पुढेच वाकते. पाठ मागे वळण्याची वेळ दिवसातून एकदा तरी येते का?

द्राक्षाच्या मांडवाखाली उलटे होते. तिथे हात वर असतात. मान मागे टाकलेली असते. कितीतरी वेळ मान खाली येत नाही.

म्हणजे कामाने शरीराची एक बाजू फार वापरली. दुसरी बाजू तशीच राहिली. दाराची बिजागरी आठवा. दार रोज अर्धेच उघडले तर बिजागरी तेवढीच फिरते. मग एके दिवशी दार पूर्ण उघडायला गेलो की ते करकरते, अडते. आपल्या सांध्यांचेही तसेच होते.

काम हे शरीराकडून घेते. व्यायामाने शरीराला थोडे परत द्यायचे असते. दिवसभर जिकडे वाकलो, त्याच्या उलट बाजूला हलकेच वळायचे. जे आवळले ते सैल करायचे. जे सैल पडले ते बळकट करायचे. योगाची साधी आसने हे काम चांगले करतात. म्हणून बसून काम करणाऱ्याला जितका योगाचा उपयोग आहे, तितकाच कष्टकऱ्यालाही आहे.

योग आणि जू

योग हा शब्द संस्कृतातला आहे. 'युज्' म्हणजे जोडणे. त्यापासून योग शब्द झाला. बैलाच्या मानेवर आपण जू ठेवतो. तो 'जू' शब्दही त्याच घरचा आहे. जुवाने दोन बैल जोडले जातात. योगात शरीर, श्वास आणि मन एकत्र जोडायचे असतात.

नवा गोऱ्हा तुम्ही कसा शिकवता? त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपता का? नाही. आधी नुसते जू मानेवर ठेवून फिरवता. मग हलके लाकूड ओढायला लावता. शिकलेल्या बैलाच्या जोडीला चालवता. रान मऊ असेल तेव्हा हलके औत देता. घाई केली तर त्याचा खांदा सुजतो. तो बुजतो, जू पाहिले की मागे सरतो. दोष गोऱ्ह्याचा नसतो. जुंपणाऱ्याचा असतो.

योग शिकणारा नवा माणूस त्या गोऱ्ह्यासारखा आहे. वय वीस असो की साठ, पहिल्या दिवशी शरीर नवखेच असते.

फार पूर्वी पतंजली नावाचे मुनी होऊन गेले. त्यांनी योगाचे नियम थोडक्या शब्दांत लिहून ठेवले. आसनाची त्यांनी दोनच लक्षणे सांगितली. शरीर स्थिर असावे आणि बसणे सुखाचे असावे. पाय डोक्यावर घ्यावे, असे त्यांनी म्हटलेले नाही. ज्यात अंग थरथरते आणि दात आवळावे लागतात, ते तुमच्यासाठी अजून आसन झालेले नाही.

योग घरोघरी कसा आला

पूर्वी योग मठात, आश्रमात शिकवीत. गुरू एखाद्या शिष्याला शिकवी. साध्या संसारी माणसाला तो मिळत नसे. गेल्या शंभर वर्षांत हे बदलले. त्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

स्वामी कुवलयानंद यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म १८८३ साली झाला. खानदेशात अमळनेरला ते शिक्षणाचे काम करीत होते. योगाने शरीरात नेमके काय होते, हे त्यांना पारखून घ्यायचे होते. म्हणून त्यांनी यंत्रे आणली. क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली. आसन करताना रक्ताचा दाब किती होतो, ते मोजले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. ती आजही चालू आहे.

१९२७ साली महात्मा गांधी दौऱ्यावर असताना आजारी पडले. रक्ताचा दाब वाढला होता. तेव्हा त्यांचे वय ५७ होते. त्यांनी स्वामी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. देशाचा एवढा मोठा पुढारी, पण शिकताना नवखा विद्यार्थी झाला. प्रकृती कशी आहे, हे ते स्वामींना पत्राने कळवीत आणि सूचना मागवीत. मनाला येईल तसे त्यांनी केले नाही.

नागपूरला जनार्दनस्वामी होते. १९५१ साली तिथे योगाभ्यासी मंडळ सुरू झाले. स्वामींनी साध्या माणसांना साधी आसने शिकवली. शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत.

पुण्याला बी. के. एस. अय्यंगार होते. ते मूळचे कर्नाटकातले. लहानपणी ते फार आजारी असत. १९३७ साली ते पुण्याला आले आणि जन्मभर तिथेच राहिले. म्हाताऱ्या आणि दुखणाईत माणसांना आसन जमावे म्हणून त्यांनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, घडीची चादर यांचा आधार दिला. हात जमिनीला लागत नाही ना? मग हाताखाली ठोकळा ठेवा. जमीनच थोडी वर आणा. माणसाला ओढून खाली नेऊ नका. ही त्यांची युक्ती आज जगभर वापरतात.

२०१५ सालापासून २१ जून हा दिवस जगभर योग दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पुष्कळ लोक जमतात. पण एका दिवसात योग येत नाही. तो रोज थोडा थोडा येतो.

सावकाशच का करायचे?

याला कारण आहे. हाडांवर जे मांस असते त्याला स्नायू म्हणतात. स्नायू आवळतो आणि सैल होतो, म्हणून आपले हातपाय हलतात. स्नायूला एकदम झटका दिला तर तो आपोआप आवळतो. आपण तुटू नये म्हणून तो स्वतःला राखतो. तेव्हा झटक्याने वाकणारा माणूस आपल्याच स्नायूशी भांडत असतो. त्यात लचक भरते.

तोच ताण हळू दिला, तिथे चार-पाच श्वास थांबलो, तर स्नायू सोडू लागतो. जबरदस्ती लागत नाही.

श्वासाचेही तसेच आहे. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली दोन बोटे ठेवा. नाडी लागेल. आता श्वास घ्या आणि सावकाश सोडा. श्वास सोडताना नाडी जराशी मंद होते. तरुण माणसाला हे लवकर कळते. म्हणजे लांब श्वास सोडला की काळजाची धावपळ कमी होते. मन चिडलेले असले तर तेही जरा निवते. म्हणून योगात प्रत्येक हालचाल श्वासाबरोबर करायची. श्वास धापेचा झाला, तर समजा की आपण घाई करतो आहोत.

पहिला महिना

जागा सपाट असावी. समाजमंदिर, शाळेची खोली, घरची पडवी, काहीही चालेल. खाली सतरंजी किंवा घोंगडी घाला. कपडे सैल असावेत. बाया साडी सैल नेसूनही करू शकतात.

पोट रिकामे असावे. जेवण होऊन तीन-चार तास झालेले असावेत. पहाटे, कामाला जाण्याआधीची वेळ चांगली. संध्याकाळी करायचे तर जेवणाआधी करावे. रानातून आल्या आल्या करू नये. आधी पाणी प्यावे आणि थोडा वेळ बसावे. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी शिका.

पहिली गोष्ट शवासन. उताणे झोपा. पाय थोडे फाकवा. हात अंगापासून जरा दूर, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी ठेवा. डोळे मिटा. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक अवयव मनाने सैल सोडा. पाच मिनिटे तसेच पडा. झोपू मात्र नका. हे फार सोपे वाटते. पण करून पाहा. खांदे आवळलेले आहेत, दात दाबलेले आहेत, हे तिथे पहिल्यांदा कळते. उठताना एकदम उठू नका. कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या आणि मग बसा.

दुसरी गोष्ट श्वास. मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर किंवा ओट्यावर पाय सोडून बसा. पाठ सरळ ठेवा. मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या. सहा मोजेपर्यंत सोडा. मध्ये कोंडून धरू नका. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. असे केले की साधारण सहाच होतात. पाच मिनिटे करा. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

दुसऱ्या आठवड्यात दोन आसने वाढवा.

ताडासन. ताड म्हणजे ताडाचे झाड. पाय जुळवून किंवा थोडे फाकवून उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार द्या. श्वास घेत हात वर न्या. अंग वर ताणा. तीन-चार श्वास थांबा. श्वास सोडत हात खाली आणा. तोल जात असेल तर भिंतीजवळ उभे राहा. दिवसभर मांडवाखाली हात वर असतील, तर हे आसन सोडा आणि दोन्ही खांदे हळूहळू गोल फिरवा.

मार्जारासन. मार्जार म्हणजे मांजर. मांजर झोपून उठले की पाठीची कमान करते. तेच आपण करायचे. दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेका. गुडघ्याखाली घडी घाला. श्वास सोडत पाठ वर उचला, मान खाली घ्या. श्वास घेत पाठ खाली सोडा, मान थोडी वर करा. असे सहा वेळा करा. खुरपणी-काढणीच्या पाठीला हे आसन फार मानवते.

तिसऱ्या आठवड्यात पवनमुक्तासन घ्या. उताणे झोपा. एक पाय गुडघ्यात दुमडा. दोन्ही हातांनी मांडी मागून धरा आणि पोटाकडे आणा. दुसरा पाय जमिनीवर राहू द्या. डोके उचलू नका. चार-पाच श्वास थांबा. मग दुसरा पाय. गुडघा छातीला लागलाच पाहिजे असे नाही. तो जिथवर येतो तिथवर तुमचे आसन पूर्ण झाले.

चौथ्या आठवड्यात भुजंगासन घ्या, पण अर्धे. पालथे झोपा. कोपरे खांद्याखाली टेका, पुढचे हात जमिनीवर ठेवा. श्वास घेत छाती हलकेच वर उचला. बेंबी जमिनीलाच राहू द्या. मान मागे फेकू नका. तीन श्वास थांबा आणि खाली या. दिवसभर पुढे वाकलेली पाठ इथे मागे वळते. कंबरेत टोचले तर आणखी कमी उचला.

शेवट रोज शवासनाने करा. महिन्याभरात एवढे झाले की पुष्कळ झाले.

ताण आणि कळ यांतला फरक

नव्या माणसाने ही एक गोष्ट आधी शिकावी. ताण म्हणजे ओढल्यासारखे वाटणे. तो मांसल भागात असतो. थांबलो की कमी होतो. कळ म्हणजे टोचणे, चमकणे, जळजळणे. ती बहुधा सांध्यात किंवा मणक्यात असते. ताण चालेल. कळ चालणार नाही. कळ आली की तिथून मागे या.

शेजारचा किती वाकतो ते पाहू नका. तो कदाचित लहानपणापासूनच लवचीक असेल. कुस्तीत हार-जीत असते. योगात ती नाही.

कोणी जपावे?

रक्ताचा दाब, ज्याला आपण 'बीपी' म्हणतो, तो वाढलेला असेल, काळजाचा आजार असेल, डोळ्यात काचबिंदू असेल, तर डोके खाली आणि पाय वर अशी आसने करू नयेत. हर्निया असलेल्यांनी किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाईने पालथे झोपण्याची आणि पोट दाबणारी आसने करू नयेत. तिने जाणत्या शिक्षिकेकडूनच शिकावे. शीर्षासन, म्हणजे डोक्यावर उभे राहणे, नव्या माणसासाठी नाहीच.

काही खुणा दिसल्या तर योग बाजूला ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. छातीत दुखून घाम फुटणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, पायातली शक्ती जाणे, लघवी-संडासवर ताबा न राहणे, या त्या खुणा. कंबरेतली कळ पायात उतरत असेल आणि पायाला मुंग्या येत असतील, तरी आसन थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

गोळ्या बंद करू नका

योगाने काय होते आणि काय होत नाही, हेही स्पष्ट समजले पाहिजे. जुन्या कंबरदुखीवर पुष्कळ ठिकाणी अभ्यास झाले आहेत. योगाने दुखणे थोडे कमी होते आणि हालचाल सुधारते, असे त्यांत दिसले. इतर चांगल्या व्यायामानेही साधारण तेवढाच फायदा होतो. चमत्कार कुठेच दिसला नाही. बीपी आणि साखर यांच्या आजारात योग मदत करतो. पण तो गोळीची जागा घेत नाही.

काही लोक सांगतात, "आसनं सुरू केली ना? मग गोळ्या फेकून द्या." असे ऐकू नका. बीपीची गोळी मनाने बंद केली तर दाब पुन्हा चढतो. तो चढला हे बहुतेक वेळा कळतही नाही. कळते तेव्हा लकवा झालेला असतो. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर दाब मोजून ठरवतील.

याबाबतीत अणदूरचे एक उदाहरण आहे. इथे हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था १९९० नंतरच्या काळापासून काम करते. तिने खेड्यातल्या साध्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांना 'भारतवैद्य' म्हणतात. गावातलीच बाई गावाच्या आरोग्याची राखण करू लागली. तिला शिकवताना एक गोष्ट पक्की सांगावी लागते. आपल्याला येते तेवढे करावे, आणि पुढचे असेल तर रोग्याला वेळेवर दवाखान्यात पाठवावे. योग शिकवणाऱ्यानेही हाच नियम पाळावा.

शिक्षक कसा पारखावा?

चांगला शिक्षक पहिल्या दिवशी आसन दाखवत नाही. तो आधी विचारतो, "काही दुखणं आहे का? ऑपरेशन झालंय का? कोणत्या गोळ्या चालू आहेत?" तो कुणाला ढकलून वाकवत नाही. आजीला खुर्चीवर बसवून शिकवायला त्याला कमीपणा वाटत नाही. "जमत नसेल तर थांबा," हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो.

असा शिक्षक मिळाला तर दहा-पंधरा जणांनी मिळून वर्ग सुरू करावा. बायांचा वर्ग वेगळा हवा असेल तर वेगळा करावा. एकट्याने केलेला नेम लवकर मोडतो. चौघांत तो टिकतो.

लक्षात ठेवा

१. पोट रिकामे असताना योग करावा.
२. हालचाल सावकाश, श्वासाबरोबर करावी.
३. ताण चालेल, कळ चालणार नाही.
४. श्वास कोंडू नये, झटका देऊ नये.
५. आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.
६. शेवटी पाच मिनिटे शवासन करावे.
७. थोडे करावे, पण रोज करावे.

हा धडा वाचून झाला की घरात कोणाला तरी वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्याला आधी दाखवा. मग उद्या पहाटे सतरंजी घाला आणि दोघे मिळून शवासनापासून सुरुवात करा.